सत्त्वाचा डबा

बाळाच्या तयार आहाराचा इतिहास बहुधा १८६७ सालापासून सांगतात. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील वेवे गावी हेन्री नेस्ले यांनी दूध, साखर व गव्हाच्या भाजलेल्या पावाचा चुरा यांचे पीठ विक्रीस आणले. त्याआधी १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी बाळांसाठी एक पेज सुचविली होती. तीत मोड आणून वाळवलेल्या जवाचे पीठ असे. मोडामुळे धान्यातील पिष्ट विरघळते व पेज दाट न होता पचनास हलकी होते. परंतु ती मोजूनमापून, राखून शिजवावी लागे. नेस्ले यांच्या पिठाला पाणी पुरे. घाईतल्या आईने काय निवडले, हे सांगावयास नको.

मोडाची हीच किमया आमच्या नाचणी सत्त्वात आहे. नाचणी भिजवावी, फडक्यात बांधावी, मोड आले की वाळवून दळावी, वस्त्रगाळ करावी. काम दोन-तीन दिवसांचे. मात्र डबा भरला की सहा महिन्यांपुढील बाळाची पेज काही मिनिटांत होते. म्हणजे हेही सवडीचे नव्हे, घाईचेच अन्न! ते दोन-तीन दिवस मात्र कोणी दिले, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. बहुधा आजीने.

१९९२ च्या कायद्याने बाळदुधाच्या आणि २००३ च्या दुरुस्तीने बाळअन्नाच्या जाहिरातींस बंदी आली. आजीचे हात काही त्याने परत आले नाहीत. आता महिला बचत गट सत्त्वाची पाकिटे विकतात, आणि आम्ही ती आणतो.