सुवाह्य मोबिलिटी स्कूटर

सुवाह्य मोबिलिटी स्कूटर हे थोडे चालता येणाऱ्या, परंतु लांबचे अंतर न झेपणाऱ्या व्यक्तींसाठीचे, बॅटरीवर चालणारे व घडी घालता किंवा सुटे करता येणारे वाहन आहे. मोबिलिटी स्कूटरचा आरंभ १९६८ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या नातलगासाठी बनवलेल्या वाहनापासून मानला जातो.

अधूनमधूनच्या वापरासाठी निवड करताना वेग व पल्ला यांपेक्षा उचलावे लागणारे वजन निर्णायक ठरते. जाहिरातींत पुष्कळदा बॅटरी वगळून वजन दिलेले असते. सुट्या होणाऱ्या स्कूटरचा सर्वांत जड भाग पाहावा. घडीची स्कूटर मात्र बहुधा अखंडच डिकीत चढवावी लागते. हे काम सोबतच्या व्यक्तीकडे येते आणि तीही अनेकदा वृद्धच असते.

तीन चाकांची स्कूटर अरुंद जागेत सहज वळते, चार चाकांची अधिक स्थिर असते. लहान चाकांमुळे खड्डे आणि पदपथांच्या उंच कडा दोहोंनाही अडवतात; भारतीय रस्त्यांवर ही मोठीच अडचण होय.

शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त, पण जड असते व महिनोन्महिने चार्ज न केल्यास निकामी होते. लिथियम-आयन बॅटरी हलकी असते. विमानप्रवासात काढता येणारी अशी एक बॅटरी ३०० वॅट-तासांपर्यंत, दोन असल्यास प्रत्येकी १६० वॅट-तासांपर्यंत चालते. विमान कंपनीची पूर्वसंमती लागते. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची बॅटरी २८८ वॅट-तासांची भरते.

आधाराविना बसता येत नसल्यास अथवा हातांवर ताबा नसल्यास व्हीलचेअर अधिक योग्य ठरते.