एचटीएमएलचे टॅग आले कुठून?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी नुकतंच एचटीएमएल शिकायला घेतलंय आणि पहिल्याच दिवशी ज्यांच्यासमोर टॅगची लांबलचक यादी येऊन पडलीय. मी रोज कोड लिहितो, पण ती अख्खी यादी मलाही पाठ नाही. त्याची गरजही नाही. टॅग मुळात कशासाठी आले हे समजलं, की कुठे कोणता वापरायचा ते बऱ्यापैकी आपोआप कळतं.

सुरुवात छापखान्यापासून करू. जुन्या काळी संपादक हस्तलिखितावर खुणा करायचा. हे शीर्षक, इथे नवा परिच्छेद, हा शब्द ठळक. या खुणा खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरसाठी असायच्या. छापलेल्या पानावर वाचकाला शीर्षक दिसायचं, खूण दिसायची नाही. या खुणा करण्याला इंग्रजीत म्हणतात मार्कअप. एचटीएमएलमधला 'एम' तो हाच. ब्राउझर म्हणजे आपला कंपोझिटर आणि टॅग म्हणजे त्याच्यासाठी केलेली खूण.

ही खूण कॉम्प्युटरवर आली, तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. खुणेने काय सांगायचं? 'ही ओळ मोठ्या अक्षरात छाप' असं सांगायचं, की 'ही ओळ शीर्षक आहे' एवढंच? १९६९ मध्ये आयबीएममधल्या चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी दुसरा रस्ता धरला. मजकूर काय आहे ते लिहा, तो कसा दिसेल ते नंतर ठरवू. त्यांच्या पद्धतीचं नाव जीएमएल. गंमत म्हणजे ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंसुद्धा आहेत! पुढे यातूनच एसजीएमएल तयार झालं आणि १९८६ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक बनलं.

आता चला जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत. तिथे जगभरातले शास्त्रज्ञ यायचे, काही वर्षं काम करायचे आणि निघून जायचे. त्यांच्याबरोबर माहितीही जायची. जी उरायची, ती वेगवेगळ्या आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या कॉम्प्युटरवर पडून असायची. यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव लिहिला आणि १९९० संपेपर्यंत पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर चालू करून दाखवला.

पण पानं लिहायची कशात? सर्नमध्ये एसजीएमएलवर आधारलेली एक पद्धत आधीच वापरात होती. बर्नर्स-ली यांनी शीर्षकं, परिच्छेद आणि याद्यांचे टॅग बरेचसे तिथूनच उचलले. लोकांच्या हाताला जे वळण आहे, तेच ठेवलेलं बरं ना! त्यांची स्वतःची मोठी भर म्हणजे 'ए' टॅग. ए म्हणजे अँकर. आज तुम्ही ज्या लिंकवर बोट ठेवता, ती याच टॅगची करामत.

१९९१ च्या अखेरीस त्यांनी टॅगची यादी सगळ्यांसाठी खुली केली. त्यात टॅग होते फक्त १८. फोटोसाठी टॅग नाही, रंगासाठी नाही, फॉन्टसाठीही नाही. कारण सरळ होतं. कुणाकडे चांगला ग्राफिक्सवाला स्क्रीन होता, तर कुणाकडे नुसती अक्षरं दाखवणारा टर्मिनल. पानाने 'हे एच१, म्हणजे मुख्य शीर्षक' एवढंच सांगायचं, मग प्रत्येक मशीन आपापल्या परीने ते दाखवेल. सोबत आणखी एक नियम होता. ब्राउझरला एखादा टॅग कळला नाही, तर त्याने तो सोडून द्यावा आणि पुढे जावं.

मग लोकांना पानं देखणी हवीशी वाटू लागली. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी फोटोसाठी 'इमेज' टॅग सुचवला आणि त्यांच्या मोझेक ब्राउझरमध्ये तो आला. पुढे नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांची चढाओढ लागली. नेटस्केपने लुकलुकणारी अक्षरं आणली, तर मायक्रोसॉफ्टने सरकणारी. 'फॉन्ट' नावाचा टॅगही याच धामधुमीतला.

या फॉन्ट टॅगशी आपल्या मराठीचा जवळचा संबंध आहे. त्या काळात ब्राउझरला देवनागरी धड जमत नव्हती. म्हणून अनेक मराठी साइट्सनी एक युक्ती केली. फाइलमध्ये साठवायचे इंग्रजी अक्षरांचे कोड आणि फॉन्ट असा वापरायचा, की त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार उमटतील. फॉन्ट असेल तर झकास मराठी, नसेल तर नुसता अक्षरांचा काला. दिसायला मराठी, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नव्हतीच! त्यामुळे आपण मराठीत शोधायला गेलो, तरी तो मजकूर सापडायचा नाही. दिसण्यावर भर दिला आणि अर्थ हरवला, तो असा.

डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० ने गाडी रुळावर आणली. फॉन्ट टॅग टाळा, सजावट सीएसएसकडे सोपवा, असं त्यात सांगितलं. जगातल्या सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडचा पाया घेतला. पानाची भाषा सांगायची सोयही दिली. मराठीसाठी तिथे दोनच अक्षरं लिहायची, 'एमआर'.

आता म्हणाल, आज याचा काय उपयोग? तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असेल. ज्यांना दिसत नाही, ते त्याच्या मदतीने पान ऐकतात आणि एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी मारतात. तुम्ही शीर्षकाला एच१, एच२ न लावता नुसती अक्षरं मोठी केलीत, तर त्यांच्यासाठी तिथे शीर्षकच नाही. भाषा सांगितली नाहीत, तर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचला जाऊ शकतो.

म्हणून शिकताना प्रत्येक टॅगला एकच प्रश्न विचारा: हा मजकूर काय आहे? शीर्षक, परिच्छेद, यादी की लिंक? कसा दिसेल ते नंतर बघू.

आणि हो, इन्फो डॉट सर्न डॉट सीएच या पत्त्यावर जगातलं पहिलं वेब पान आजही ठेवलेलं आहे. जमलं तर मोबाइलवर उघडून बघा. ते लिहिलं गेलं, तेव्हा स्मार्टफोन नव्हते. तरी ते उघडतं आणि वाचता येतं. भेटू पुढच्या भागात!