उसनी गाणी आणि स्वतःचा सूर

ऑस्ट्रेलियाच्या रॉक संगीताचा एखादा जाणता रसिक आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका निवडावयास बसला, तर त्याच्यापुढे आपोआप तीन राशी पडतात. पहिली रास आल्बमांची, म्हणजे आठ-दहा गाण्यांच्या दीर्घ तबकड्यांची. दुसरी, श्रोत्यांच्या गर्दीपुढे प्रत्यक्ष जलशात गायिलेल्या गाण्यांची. तिसरी रास, एकाने रचलेल्या आणि दुसऱ्याने आपल्या गळ्यावर चढविलेल्या गाण्यांची. अशा गाण्याला तिकडे ‘कव्हर’ म्हणतात. एकच चीज दोन घराण्यांचे गवई आपापल्या अंगाने गातात आणि श्रोते दोहोंची तुलना करीत बसतात, तसाच हा प्रकार होय.

या तिसऱ्या राशीकडे पुष्कळ रसिक दुय्यम म्हणून पाहतात. उसने ते उसनेच, असा त्यांचा दावा असतो. वस्तुतः ऑस्ट्रेलियाच्या रॉकचा इतिहास वाचावयाचा असेल, तर तो या उसन्या गाण्यांतूनच उत्तम वाचता येतो. कोणी कोणाचे गाणे घेतले आणि ही देवघेव कोणत्या दिशेने झाली, हे पाहिले की एका नव्या देशाला स्वतःचा आवाज कसा सापडत गेला ते ध्यानात येते.

आरंभी सारा माल परदेशाचाच होता. १९५७ च्या जानेवारीत अमेरिकेचा बिल हेली ऑस्ट्रेलियात येऊन गेला आणि तरुणांना नव्या संगीताचे वेड लागले. अमेरिकन तबकड्या ऐकून हुबेहूब तसेच गाणे, हाच स्थानिक गायकाचा अभ्यास. अशा काळात सिडनीचा जॉनी ओकीफ याने १९५८ मध्ये ‘वाइल्ड वन’ हे गाणे आपल्या साथीदारांसह रचून ध्वनिमुद्रित केले. घाट अमेरिकन होता खरा. परंतु रचना घरची होती. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेच्याच इग्गी पॉप याने ते गाणे आपल्या आवाजात गाऊन पुन्हा लोकप्रिय केले. ज्या देशाची नक्कल करून विद्या शिकली, त्या देशाने शिष्याचे गाणे उसने घ्यावे, यापरते विद्येचे प्रमाणपत्र ते कोणते?

दुसरी पायरी स्थलांतरितांच्या मुलांनी चढली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून लक्षावधी माणसे ऑस्ट्रेलियात आली. सिडनीजवळ व्हिलावुड येथे त्यांच्यासाठी सरकारी वसतिगृह होते. ‘ईझीबीट्स’ हा वृंद १९६४ मध्ये तेथील ओळखींतून जन्मास आला. पाच जणांत दोघे हॉलंडचे, दोघे इंग्लंडचे आणि एक स्कॉटलंडचा. १९६६ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे ‘फ्रायडे ऑन माय माइंड’ हे गाणे आठवडाभर राबून शुक्रवारची वाट पाहणाऱ्या कामगाराचे आहे. ते इंग्लंडमध्ये गाजले. आणि १९७३ मध्ये डेव्हिड बोवी याने ‘पिन अप्स’ या आपल्या आवडीच्या गाण्यांच्या आल्बमात त्याला स्थान दिले. पाच परदेशी पोरांनी मिळून केलेले गाणे ऑस्ट्रेलियाचे म्हणून जगात ओळखले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जलशांचा इतिहास मात्र एका कायद्याशी बांधला गेला आहे. १९१६ पासून न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आदी राज्यांत मद्यालये, म्हणजे तिकडचे ‘पब’, सायंकाळी सहाला बंद होत. काम पाच वाजता सुटे आणि उरलेल्या तासाभरात माणसे उभ्याउभ्या घशाखाली दारू ओतीत. न्यू साउथ वेल्समध्ये हा निर्बंध १९५५ मध्ये उठला, व्हिक्टोरियात १९६६ मध्ये, तर साउथ ऑस्ट्रेलियात १९६७ मध्ये. पब रात्री उशिरापर्यंत उघडे राहू लागले. गिऱ्हाईक थोपवून धरावयाचे तर करमणूक हवी. म्हणून मालकांनी गायकवृंदांना बोलाविले. हा श्रोता दयामाया जाणणारा नव्हता. गाणे आवडले नाही तर तो पाठ फिरवी, किंवा याहून वाईट काही करी. म्हणून त्या संगीताला लांबण नाही. ठेका ठाम, आवाज मोठा आणि शब्द सरळ. पबच्या त्या कोंदट खोलीनेच ऑस्ट्रेलियन रॉकला त्याची चण दिली.

या शाळेतून निघालेला सर्वांत नामांकित वृंद ‘एसी/डीसी’. १९६३ मध्ये ग्लासगोहून आलेल्या यंग कुटुंबातील माल्कम आणि अँगस या दोघा भावांनी तो १९७३ मध्ये सिडनीत काढला. त्यांचा थोरला भाऊ जॉर्ज हा ईझीबीट्सपैकीच. त्याने आपला जुना सहकारी हॅरी व्हांडा याच्यासह धाकट्यांच्या तबकड्यांची निर्मिती केली. अँगस शाळकरी मुलाचा गणवेष चढवून रंगमंचावर येई. १९७५ च्या त्यांच्या पहिल्या आल्बमातील पहिलेच गाणे उसने होते. बिग जो विल्यम्स या अमेरिकन निग्रो गायकाने, म्हणजे आजच्या उचित शब्दांत कृष्णवर्णीय गायकाने, ते १९३५ मध्ये तबकडीवर आणले होते. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या फेब्रुवारीत, मेलबर्नच्या स्वॉन्स्टन रस्त्यावर उघड्या ट्रकवर उभे राहून त्यांनी स्वतःचे गाणे चित्रित केले. त्यात गिटारींच्या जोडीला स्कॉटलंडची मशकबीन वाजते. त्यांच्या जलशाचा १९७८ चा आल्बम मुख्यतः ग्लासगोतच मुद्रित झाला. ज्या गावातून पोटासाठी घर हलविले, त्याच गावाने त्यांना परदेशचे पाहुणे म्हणून डोक्यावर घेतले.

याच दशकात गाण्यांतून घरच्या गावांची नावे ऐकू येऊ लागली. मेलबर्नच्या ‘स्कायहुक्स’ने १९७४ च्या ‘लिव्हिंग इन द सेव्हंटीज’ या आल्बमात कार्ल्टन, बॉल्विन, टूरॅक या आपल्याच उपनगरांवर गाणी रचली. त्यांतील काही खाजगी नभोवाणी केंद्रांनी वर्ज्य ठरविली. तेव्हा १९७५ च्या जानेवारीत सिडनीत तरुणांसाठी निघालेल्या ‘डबल जे’ या सरकारी केंद्राने आपल्या प्रक्षेपणाचा प्रारंभ त्यांतल्याच एका गाण्याने केला. ब्रिस्बेनच्या ‘सेंट्स’ या वृंदाने १९७७ च्या पहिल्या आल्बमात गाणे उसने घेतले, तेही सिडनीच्या ‘मिसिंग लिंक्स’चे, १९६५ सालचे. उसनवारीसाठी आता समुद्र ओलांडण्याची गरज उरली नव्हती. घरात पूर्वजांची पेटी तयार झाली होती.

येथे इतिहास संपला असता, तर तो सुखान्त झाला असता. परंतु ज्या भूमीला हे सारे ‘आपली’ म्हणू लागले होते, तिच्यावर हजारो वर्षे दुसरीच माणसे गात आली होती. त्या आदिवासींचा आवाज या तिन्ही राशींत जवळजवळ नव्हताच.

तो आवाज मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील पापुन्या या वस्तीतून उठला. तेथील ‘वारुंपी बँड’ने १९८३ मध्ये लुरिचा भाषेत एक गाणे मुद्रित केले, आदिवासी भाषेतील ती पहिली रॉक तबकडी मानली जाते. १९८६ मध्ये सिडनीचा ‘मिडनाइट ऑइल’ हा विख्यात वृंद त्यांच्यासह दूरदूरच्या वस्त्यांत गात हिंडला. शहरी पबांत नावाजलेल्या या गायकांना तेथे वेगळाच श्रोता भेटला आणि वेगळाच प्रश्न ऐकावा लागला. त्या प्रवासातून १९८७ चा ‘डिझेल अँड डस्ट’ हा आल्बम जन्मला. त्यातील ‘बेड्स आर बर्निंग’ हे गाणे पिंटुपी लोकांची भूमी त्यांना परत द्या, असे रोखठोक सांगते. आणि ते जगभर वाजले.

तथापि तिसऱ्या राशीतले मोलाचे रत्न निराळे आहे. वारुंपी बँडचा गायक जॉर्ज रुरांबू हा उत्तरेकडील एल्को बेटाचा. वाळवंटात राहून त्याला समुद्राची ओढ लागे. त्याचा गोरा सहकारी नील मरे याने ती ओढ शब्दांत बांधली, आणि ‘माय आयलंड होम’ हे गाणे १९८७ मध्ये रुरांबूच्या आवाजात तबकडीवर आले. १९९५ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांचा वारसा असलेल्या क्रिस्टीन अनू या गायिकेने ते घेतले. तिने वाळवंटाच्या जागी शहर घातले. बेट तेच राहिले. एकाच्या घरची आठवण दुसऱ्याने लिहिली, तिसरीने आपली केली, आणि तीत काही खोटे उरले नाही. कव्हर या प्रकाराचे याहून मोठे समर्थन सापडणे कठीण.

१ ऑक्टोबर २००० रोजी सिडनीच्या ऑलिंपिक समारोपात अनूने हे गाणे गायिले. त्याच रंगमंचावर मिडनाइट ऑइलचे गायक काळ्या कपड्यांवर ‘क्षमस्व’ या अर्थाचा इंग्रजी शब्द छापून आले. आईबापांपासून हिरावलेल्या आदिवासी मुलांची राष्ट्राच्या वतीने क्षमा मागण्यास त्या वेळचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड तयार नव्हते, आणि ते प्रेक्षकांत बसले होते. पुढे १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत ती क्षमा मागितली. त्यांच्या मंत्रिमंडळात मिडनाइट ऑइलचे गायक पीटर गॅरेट होते. रुरांबू मात्र तो दिवस पाहू शकला नाही. २००७ मध्येच त्याचे निधन झाले होते.

गाण्याने भूमी परत मिळत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आदिवासींना सल्लागार मंडळाद्वारे संसदेपुढे बोलण्याचा घटनात्मक हक्क द्यावा की नाही, यावर सार्वमत झाले, तेव्हा सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. ज्यांनी तो नकार दिला, त्यांतील पुष्कळांना ‘माय आयलंड होम’ तोंडपाठ असेल. दुसऱ्याचे गाणे ओठांवर घेणे सोपे असते. त्यातील दुःख पत्करणे अवघड. ऑस्ट्रेलियाच्या रसिकाने जमविलेल्या तबकड्यांत या दोहोंमधील अंतर स्पष्ट ऐकू येते, आणि ते कमी करण्याची खटपटही ऐकू येते.