यंत्र भिंतीवर, किल्ली कुणाकडे?

मागच्या बैठकीत एक विषय निघाला आणि आमच्यातच दोन तट पडले. गावात हृदयाला शॉक देणारं यंत्र घ्यावं का? एकीचं म्हणणं, लाखभर रुपये असल्या डब्यात घालण्यापेक्षा एक चांगली दुभती म्हैस येईल. दुसरी एवढंच म्हणाली, "चैत्रातला बाजार विसरलात का?"

विसरलेलं कुणीच नाही. भर बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी एक भाऊ तोल जाऊन पडले. फिट आली असं समजून आम्ही कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाला लावली, कुणी तोंडात चमचा घातला, तळपाय चोळले. अधूनमधून ते आचके देत होते, म्हणून आम्हाला वाटलं श्वास चालू आहे. वीस किलोमीटरवरून गाडी आली, तोवर सगळं संपलं होतं. आम्ही शंभर माणसं भोवती होतो आणि शंभरातल्या एकालाही छाती दाबायचं ठाऊक नव्हतं. ही बोच मनात आहे, म्हणून आजचं बोलणं.

आधी एक फरक सांगतो. विहिरीवरच्या मोटारीचं बघा. पाइपात गाळ अडकला की पाणी कमी येतं, ते दुखणं वेगळं. मोटारीची वीजच बिघडली की ती नुसती गुरगुरते आणि पाणी येतच नाही, ते वेगळं. हृदयाची रक्तवाहिनी तुंबते तो झटका. त्यात माणूस घामाघूम होतो, छाती दुखते, पण बोलत असतो. हृदयातली वीज बिघडली तर हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही, माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं. शॉकचं यंत्र आहे ते या दुसऱ्यासाठी. ते थरथर एकदम थांबवतं, म्हणजे हृदयाला आपला ठेका पुन्हा धरता येतो. उशीर मात्र परवडत नाही. छातीही दाबली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

विजेनं मेलेलं विजेनंच उठतं, हे पहिल्यांदा दिसलं ते कोंबड्यांत. कोपनहेगन शहरात आबिलगार्ड नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. १७७५ साली त्यांनी लिहून ठेवलं, की कोंबडीच्या डोक्याला विजेचा झटका दिला तर ती निपचित पडते आणि छातीला दिला तर पुन्हा उभी राहते. लोकांना तो खेळ वाटला असेल. माणसाच्या कामी यायला पुढं पावणेदोनशे वर्षं गेली. १९४७ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला डॉ. क्लॉड बेक एका चौदा वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन करत होते. त्याचं हृदय थांबलं. छाती शिवायला घेतली होती, ती पुन्हा उघडली. त्यांनी हातानं हृदय चोळत ठेवलं आणि चमच्यासारख्या पट्ट्या थेट हृदयाला लावून शॉक दिला. मुलगा वाचला. छाती न उघडता, बाहेरून शॉक देणं बोस्टनच्या डॉ. पॉल झोल यांना १९५६ मध्ये जमलं.

हे सगळं मोठ्या दवाखान्यातलं, मोठ्या डॉक्टरांचं. आम्हाला जास्त जवळची वाटते ती बाल्टिमोरची गोष्ट, कारण ती वायरमनपासून सुरू होते. वीज नवीन होती तेव्हा तारांवर काम करणारी माणसं झटका बसून मरत. वीज कंपन्यांनाही चिंता पडली आणि १९२० च्या दशकात विल्यम कौवेनहोवेन यांनी या प्रश्नाचा अभ्यास हाती घेतला. ते डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. तीस वर्षं या माणसानं त्याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९५८ मध्ये त्यांच्याबरोबर काम करणारा तरुण विद्यार्थी गाय निकरबॉकर कुत्र्यांवर प्रयोग करत होता. शॉक देण्याआधीच, जड पट्ट्या छातीवर दाबून ठेवल्या एवढ्यानं कुत्र्याचा रक्तदाब थोडा वर चढलेला त्याला दिसला. दाबाला रक्त हलतं! मग मुद्दाम दाबून पाहिलं. डॉ. जेम्स ज्यूड यांनी ते माणसांवर आणलं आणि १९६० साली तिघांनी मिळून ते छापलं. २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. त्या लेखाचा सांगावा असा, की यासाठी कुठलंही अवजार लागत नाही, दोन हात पुरतात आणि ते कुणाचेही चालतात.

त्याच वर्षी नॉर्वेतल्या आस्मुंड लेअरडाल यांनी शिकवण्यासाठी बाहुली बनवली. हे गृहस्थ मुलांची खेळणी बनवणारे. त्यांचा लहान मुलगा पाण्यात बुडताबुडता वाचला होता. बाहुलीला चेहरा कुणाचा दिला? पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा म्हणून जो मुखवटा सांगितला जात होता, त्याचा. तिचं नाव, गाव कुणाला कळलं नाही. जगभरात लाखो लोक तिच्याच तोंडावर वाकून जीव वाचवायला शिकले.

यंत्र मात्र अजून दवाखान्यातच होतं, आणि तिथंही हात लावायचा अधिकार डॉक्टरांचा. फिलाडेल्फियात डॉ. मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी १९६३ पासून हृदयरोग्यांच्या खोलीत रात्रंदिवस हजर असणाऱ्या परिचारिकांना पुढे केलं. डॉक्टर जिन्यावरून येईपर्यंत रुग्ण थांबत नाही, हे खाटेजवळ बसणाऱ्या बाईला आधी कळतं. बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी तर म्हटलं, माणसं दवाखान्याबाहेर मरतात, मग यंत्र आत कशाला? १९६६ साली त्यांनी ते गाडीत घालून बाहेर काढलं. गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं ते धूड ७० किलोचं होतं, म्हणजे सिमेंटचं जवळजवळ दीड पोतं! दोनतीन वर्षांत त्यांनी ते तीन किलोवर आणलं.

पुढे यंत्र स्वतःच हृदयाचा ठेका वाचू लागलं. गरज नसेल तर ते शॉक देतच नाही. चुकून कुणाला झटका बसेल ही आपली भीती तिथंच निम्मी होते. शिकागोच्या विमानतळावर १९९९ पासून भिंतींवर अशी यंत्रं लावली. दोन वर्षांत ११ जण वाचले. वाचवणारे बहुतेक जवळून जाणारे प्रवासी. त्यातल्या सहा जणांसाठी धावलेल्या माणसांनी हे यंत्र कधी शिकलेलं नव्हतं. त्या सहांत तिघं डॉक्टर होते, हेही सांगायला हवं.

पण विमानतळ म्हणजे गाव नव्हे. गावाचं उदाहरण इटलीत पो नदीकाठी आहे. पिआचेन्झा, लाखभर वस्तीचं शहर. १९९८ च्या सुमारास तिथं डॉ. अलेस्सान्द्रो कापुच्ची आणि डॉ. दानिएला आस्किएरी यांनी काम उभं केलं. यंत्रं फक्त ३९. बारा वर्दळीच्या जागी, बारा स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिकांत, पंधरा पोलिसांच्या गाड्यांत. १,२८५ साध्या माणसांना काही तास शिकवलं, तेही फक्त यंत्र वापरायला. २२ महिन्यांत स्वयंसेवक १४३ जणांपर्यंत पोचले. जिथं ते पोचले तिथं शंभरात दहा वाचले. जिथं नेहमीची रुग्णवाहिका गेली तिथं शंभरात तीन. दहा म्हणजे फार नाहीत, नव्वद गेलेच. पण तिनाचे दहा झाले. डॉक्टर नसलेल्यांनी यंत्र वापरावं असा इटलीचा कायदा २००१ साली आला, म्हणजे हे काम सुरू झाल्यावर.

इंग्लंडच्या खेड्यांनी वेगळीच युक्ती केली. हातोहाती मोबाइल आले आणि रस्त्यावरच्या लाल टेलिफोन खोल्या ओस पडल्या. २००८ पासून टेलिफोन कंपनीनं त्या गावांना एकेका पौंडाला द्यायला सुरुवात केली. कुणी तिथं पुस्तकं ठेवली, अनेक गावांनी हे यंत्र ठेवलं. जागा सगळ्यांना ठाऊक, आत वीज आलेली, दार रात्रंदिवस उघडं. तरी वाद झालाच. चोरी होईल म्हणून काही पेट्यांना आकड्याचं कुलूप लावलं आणि आकडा रुग्णवाहिकेच्या फोनवर सांगायची व्यवस्था केली. काही जण म्हणतात, कुलूपच नको, त्यात वेळ जातो.

आणि आता बायकांची गोष्ट. अमेरिकेत २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, चारचौघांत पुरुष कोसळला तर शंभरात ४५ जणांची छाती कुणीतरी दाबली, बाई कोसळली तर ३९ जणींची. छातीला हात कसा लावायचा, हा संकोच तिथंही. यंत्राच्या चिकटपट्ट्या उघड्या छातीला लावाव्या लागतात. आपल्या बाजारात बाई पडली तर कोणता भाऊ पुढे होईल? पदर बाजूला सारायला बाईच हवी. नाहीतर यंत्र भिंतीवर आणि बाई जमिनीवर. हे ऐकल्यावर म्हशीचं नाव काढणारी आमची मैत्रीण गप्प झाली.

आता आपल्या गावाचं. १०८ च्या गाड्या आपल्याकडे २०१४ पासून आहेत आणि मोठ्या गाडीत हे यंत्र असतं. गाडी येईपर्यंतची मिनिटं आपली. जागा कोणती, यावर तासभर खल झाला. शाळा? सुट्टीत बंद. ग्रामपंचायत? संध्याकाळी कुलूप. दूध संकलन केंद्र पहाटे उघडतं, पण सकाळी नऊला बंद होतं ते पुन्हा संध्याकाळीच. देवळाची ओसरी सदा उघडी, पण पत्रा मे महिन्यात भाजतो आणि यंत्राला उन्हाचा ताप सोसत नाही. इंग्लंडात पेटी गरम ठेवतात, आपल्याला सावली शोधावी लागेल. शिवाय चिकटपट्ट्या दोनतीन वर्षांनी बदलायच्या, बॅटरीचाही खर्च, यंत्र बोलतं ती भाषा आपल्याला कळते का ते आधी विचारायचं. हे सगळं कोण बघणार, याचं उत्तर मिळेपर्यंत गटाचे पैसे काढायचे नाहीत असं ठरलं.

हात मात्र फुकट आहेत. माणूस हाक मारून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, नुसते आचके देतो, तर १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं. एक दमली की दुसरीनं घ्यायचं. उपकेंद्रातल्या सिस्टर गुरुवारी दुपारी तीनला समाजमंदिरात शिकवायला येणार आहेत. बाहुली एकच मिळाली आहे, तेव्हा प्रत्येकीनं घरून एक घट्ट उशी आणायची.