तुसिताला : एका कथाकारावर पडलेला भार

गांवांत पुराणिक किंवा कथेकरी आला म्हणजे लोक त्यास आदरानें पाट देतात, रात्र रात्र बसून त्याची कथा ऐकतात आणि शेवटीं शेला-नारळ देऊन निरोप देतात. गांवावर संकट आलें असतां तें यानें निवारावें, अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नाहीं. तें काम राजाचें, पाटलाचें, फार तर ग्रामदेवतेचें. परंतु दूर देशाहून केवळ प्रकृतीसाठीं आलेल्या एका कथाकारावर तेथील लोकांनीं आपल्या रक्षणाचा भार टाकावा आणि त्यानें तो नाखुषीनें कां होईना उचलावा, असा एक प्रसंग इतिहासांत घडून गेला आहे. हा कथाकार म्हणजे इंग्रजी कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, आणि ते लोक म्हणजे पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांचे रहिवासी. ‘ट्रेझर आयलंड’मुळें स्टीव्हन्सनचें नांव आमच्याकडील शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें, त्याच्या आयुष्याचा हा शेवटचा अध्याय मात्र त्या मानानें अपरिचित राहिला आहे.

स्टीव्हन्सन १८५० सालीं एडिंबरो येथें जन्मला. छातीच्या विकारानें तो लहानपणापासून जर्जर होता. मानवेल अशी हवा शोधीत १८८८ सालीं तो सॅन फ्रॅन्सिस्कोहून गलबतानें निघाला आणि बेटांमागून बेटें पाहत १८८९ च्या डिसेंबरांत सामोआच्या आपिया बंदरीं उतरला. तेथील हवा त्याला मानवली. बंदरापासून सुमारें तीन मैलांवर, वाएआ डोंगराच्या उतारावर, त्यानें तीनशें एकरांहून कांहीं अधिक रान विकत घेतलें. ही जागा वैलिमा या नांवानें ओळखली जाते. स्वस्थ बसून लिहितां येईल असें घर त्याला हवें होतें. राजकारण नको होतें.

परंतु ज्या भूमीवर त्यानें घर बांधलें ती त्या वेळीं तीन सत्तांच्या ओढाताणींत सांपडलेली होती. जर्मन व्यापाऱ्यांचे नारळाचे मोठाले मळे तेथें होते. इंग्रज व अमेरिकन यांचेहि हितसंबंध गुंतलेले होते. सामोअन सरदारांच्या आपसांतील लढायांना बंदुका लागत, आणि त्यांच्या मोबदल्यांत जमिनी परक्यांच्या हातीं जात. पुढें या जमिनींची चौकशी झाली तेव्हां परकीयांनीं सांगितलेल्या हक्कांची बेरीज साऱ्या बेटांच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून अधिक भरली! चौकशीअंतीं त्यांतील सुमारें आठ टक्केच हक्क ग्राह्य ठरले. १८८९ च्या मार्च महिन्यांत आपिया बंदरांत जर्मनांचीं तीन आणि अमेरिकनांचीं तीन लढाऊ जहाजें एकमेकांवर डोळे वटारून उभीं होतीं. तोंच भयंकर तुफान झालें, आणि तीं साहाहि जहाजें बुडालीं किंवा किनाऱ्यावर फेकलीं गेलीं. त्याच वर्षीं बर्लिन येथें करार होऊन मालिएतोआ लाउपेपा यास राजा म्हणून मान्यता मिळाली. खरी सूत्रें मात्र एका स्वीडिश सरन्यायाधीशाच्या व एका जर्मन अध्यक्षाच्या हातीं आलीं. १८८८ सालीं जर्मन सैनिकांचा पराभव करणारा लोकप्रिय सरदार माताआफा बाजूस पडला.

सामोअन लोकांनीं या नव्या पाहुण्यास ‘तुसिताला’ म्हणजे ‘कथा लिहिणारा’ असें नांव दिलें. त्याची ‘बॉटल इंप’ ही कथा १८९१ सालीं मिशनऱ्यांच्या मासिकांत सामोअन भाषेंत प्रसिद्ध झाली. मागेल तें देणारें भूत एका बाटलींत कोंडलेलें असतें. बाटली घेतलेल्या किंमतीहून कमी किंमतीस विकली पाहिजे, आणि ती जवळ असतां मरण आलें तर नरक ठरलेला, अशी ती कथा. ज्यांनीं छापील असें मुख्यतः बायबलच वाचलें होतें, त्यांना छापलेली गोष्ट खोटी असूं शकते हें पटावें कसें? तुसितालाचें एवढें मोठें घर, एवढे नोकर, हें सारें त्या बाटलीच्याच जोरावर, असें अनेकांस वाटलें. घर पाहावयास आलेले पाहुणे सारें पाहून झाल्यावर जरा घुटमळत आणि अखेरीस ‘ती बाटली कोठें आहे?’ म्हणून विचारीत. १८९३ सालीं कॉनन डॉईल यास लिहिलेल्या पत्रांत स्टीव्हन्सननेंच ही हकीकत मोठ्या विनोदानें सांगितली आहे. शेरलॉक होम्सची एक गोष्ट आपला सामोअन कारभारी सिमेले यास सांगतांना, इंजिनियर म्हणजे काय येथपासून आपणांस कशी सुरुवात करावी लागली, हेंहि त्याच पत्रांत आहे.

ही हकीकत हंसण्याची खरी. परंतु तेवढ्यावरून त्या लोकांस भोळे ठरविणें योग्य होणार नाहीं. सामोअन समाजास कथा सांगणाऱ्यांची वाण मुळींच नव्हती. त्यांच्या गांवोगांवीं सरदारांबरोबर ‘तुलाफाले’ नांवाचे वक्ते असतात. हातीं काठी आणि काथ्याची चवरी घेऊन ते सभेंत उभे राहतात, वंशावळी व जुने दाखले देऊन आपल्या गांवाची बाजू मांडतात. अशा समाजानें परक्या कथाकाराच्या तोंडाकडे पाहावें तें कां? कारण त्या वक्त्यांचा आवाज बेटाच्या किनाऱ्यापाशीं थांबत होता. त्यांच्या भवितव्याचे निर्णय होत बर्लिन, लंडन व वॉशिंग्टन येथें, आणि तेथें शब्द चाले तो कागदावरचा. तुसिताला या नांवांत ‘सांगणारा’ नसून ‘लिहिणारा’ आहे, यांतलें मर्म आम्हांस हेंच वाटतें.

स्टीव्हन्सननें तें काम केलें, पण हौसेनें नव्हे. कादंबऱ्या अर्धवट पडलेल्या, प्रकृति नाजूक, आणि राजकारणाचा तिटकारा, अशा स्थितींत तो लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रास सामोआची कैफियत लिहूं लागला. १८९१ सालीं मानोनो बेटावरील सरदार कैदेंत असतां, त्यांस सोडविण्याचा कोणी प्रयत्न केल्यास तुरुंगच सुरुंगानें उडवून देण्याची तयारी अधिकाऱ्यांनीं चालविली होती. ती गोष्ट त्यानें जगापुढें मांडली. १८९२ सालीं सामोआच्या आठ वर्षांच्या धामधुमीचा इतिहास त्यानें ‘ए फूटनोट टु हिस्टरी’ या नांवानें प्रसिद्ध केला. त्यामुळें अधिकारी इतके चिडले कीं, त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश हायकमिशनरनें सामोआंतील ब्रिटिश प्रजाजनांच्या ‘राजद्रोहा’स शिक्षा सांगणारा नियम काढला. त्याचा रोख कोणावर होता हें सांगावयास नकोच. लंडनच्या सरकारनें पुढें तो सौम्य केला.

या लिखाणाचा परिणाम काय झाला? १८९३ सालीं तो न्यायाधीश व तो अध्यक्ष दोघेहि सामोआ सोडून गेले. परंतु युद्ध टळलें नाहीं. लाउपेपा व माताआफा यांचा समेट व्हावा म्हणून स्टीव्हन्सननें केलेली खटपट वायां गेली. त्याच वर्षीं जुलैमध्यें लढाई होऊन माताआफा हरला, गांवें जळालीं, आणि त्याला व त्याच्या साथीदारांना दूर मार्शल बेटांतील जालुइट येथें हद्दपार करण्यांत आलें. शिवाय हेंहि विसरतां कामा नये कीं, स्टीव्हन्सन स्वतः जमीन विकत घेतलेला गोरा मळेवाला होता. ज्या व्यवस्थेवर तो टीका करी तिच्याच आश्रयानें त्याचें घर उभें होतें. तो निर्लेप साक्षीदार नव्हता.

तरीहि लोकांचा विश्वास ढळला नाहीं, याचें कारण त्याच्या लेखणीइतकेंच त्याच्या वागणुकींतहि शोधावें लागतें. माताआफाच्या पक्षाचे जे सरदार आपियाच्या तुरुंगांत होते, त्यांच्या भेटीस तो कावा व तंबाखू घेऊन जाई. १८९४ सालीं सुटका होतांच ते सरदार कुदळी-फावडीं घेऊन वैलिमास आले, आणि वेतन न घेतां त्यांनीं त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. ‘प्रेमळ अंतःकरणाचा रस्ता’ असें त्याचें नांव. जे सरदार एरवीं मजुरीस हात लावीत ना, त्यांनीं हें केलें.

त्या ऑक्टोबरांत रस्ता पुरा झाल्याबद्दल मेजवानी झाली, तेव्हां स्टीव्हन्सननें या सरदारांपुढें भाषण केलें. आमच्या मतें त्याच्या सामोआंतील साऱ्या कामाचें सार या भाषणांत आहे. आजवर तो सामोआची कथा लंडनला सांगत आला होता. आतां त्यानें सामोअनांस जगाची कथा सांगितली. ज्यांनीं आपली भूमि कसली नाहीं व राखली नाहीं, त्यांची ती दुसऱ्यांनीं घेतली. आपण हें आयर्लंडांत पाहिलें, हवाईंत पाहिलें, आणि आपल्या मायदेशीं, स्कॉटलंडच्या डोंगरांतहि पाहिलें, असें त्यानें सांगितलें. तेव्हां रस्ते बांधा, बागा लावा, झाडांची निगा करा. खरा शूर तो हाच, असा त्याचा उपदेश होता. राखणदारी त्यानें अशा रीतीनें ज्यांची त्यांच्या हातीं परत दिली.

यानंतर दोन महिनेहि गेले नाहींत. ३ डिसेंबर १८९४ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन तो वारला. सामोअन लोक रात्रभर त्याच्या देहापाशीं बसले; सुमारें चाळीस माणसांनीं कुऱ्हाडी व कोयते घेऊन वाएआ डोंगरावर वाट तोडली, आणि दुसऱ्या दिवशीं त्यास माथ्याजवळ पुरलें. पुढें त्या डोंगरावर बंदूक झाडूं नये, पांखरांनीं तेथें निर्भयपणें गावें, असा निर्बंध सरदारांनीं घातला.

कथेनें गांव वांचलें नाहीं. १८९९ सालीं ब्रिटिश व अमेरिकन जहाजांनीं आपिया व आसपासच्या गांवांवर तोफा डागल्या. त्याच वर्षाअखेर जर्मनी व अमेरिका यांनीं बेटें वांटून घेतलीं. वैलिमाच्या घरांत प्रथम जर्मन व नंतर न्यूझीलंडचे राज्यपाल राहिले. १ जानेवारी १९६२ रोजीं पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला, आणि तेथील बहुतेक जमीन आजहि कुळांच्या समाईक मालकीची आहे. याचें श्रेय स्टीव्हन्सनला देणें अन्यायाचें होईल. तें त्या लोकांच्या स्वतःच्या दीर्घ झगड्याचें फळ आहे.

मग त्या कथाकारानें राखलें तें काय? तोफांपुढें लेखणी दुबळी ठरली, पण सत्तेनें जें कोपऱ्यांत उरकावयाचें म्हटलें होतें तें तिनें कोपऱ्यांत राहूं दिलें नाहीं. पाहुण्याच्या हातून एवढेंच होण्याजोगें असतें. गांव राखावयाचें तें गांवकऱ्यांनींच. आणि हें त्यांना मोकळेपणानें सांगण्याचा अधिकार स्टीव्हन्सनला होता, कारण तुरुंगाच्या दारांत तो त्यांना भेटावयास गेला होता.