खिशांतील छायायंत्र आणि नागपूरची दुपार

ज्युबिलीच्या प्रसंगीं गेलेल्या काळाचा हिशेब घेण्याची आपल्यांत चाल आहे. तो काळ पूर्वी मोजीत तरी कसा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. म्हणून एका लहानशा यंत्राची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें यंत्र म्हणजे घडीचें छायायंत्र. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं सोळाव्या व सतराव्या शतकांत ट्रोशेल, कार्नर, रायनमान इत्यादि कारागीर घराणीं हस्तिदंताच्या दोन फळ्या बिजागरीनें जोडून तें तयार करीत. मिटलें असतां तें खिशांत मावे. वरची फळी उभी केली कीं, दोहोंमधील दोरी ताणली जाई व तिची छाया तासांच्या रेषांवर पडे. खालच्या फळींत होकायंत्र बसविलेलें असे. कारण दोरी उत्तर ध्रुवाकडे रोखल्यावांचून छाया खरी वेळ सांगत नाहीं. ही विद्या ख्रिस्तसभेंतही मोलाची मानली जाई. १५८२ सालच्या पंचांगसुधारणेस ज्यांचा हातभार लागला, त्या येशूसंघी फादर क्लावियस यांनी १५८१ सालीं छायायंत्रांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

या यंत्रांत दोन अडचणी होत्या. एक अशी कीं, सुई नेमकी खऱ्या उत्तरेस राहत नाहीं. म्हणून १४५१ सालच्या जुन्या यंत्रावरही तिच्या विचलनाची खूण कोरलेली आढळते. दुसरी अशी कीं, दोरीचा कल स्थळाच्या अक्षांशाइतकाच हवा. गांव बदललें कीं दोरीचें छिद्र बदलावें व रेषाही निराळ्या वाचाव्या.

ज्या संताच्या नांवानें नागपूरचें कॅथीड्रल आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचे अवशेष फ्रान्समधील आनसी येथें आहेत. आनसीचा अक्षांश सुमारें ४६, नागपूरचा सुमारें २१. तिकडील यंत्र तसेंच येथें मांडल्यास तें चुकेलच. येथें तर मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास सूर्य डोक्यावर येऊन भरदुपारीं उभ्या काठीची छाया नाहींशी होते. मधल्या दिवसांत ती दक्षिणेस पडते. आनसीस असें कधींच घडत नाहीं.

घड्याळाचीही हीच गोष्ट. १९०६ पासूनची हिंदी प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची. नागपूर सुमारें ७९ अंशांवर. म्हणून येथील खरी दुपार सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनीं होते. फेब्रुवारींत ती १२-२८ पर्यंत लांबते, नोव्हेंबरच्या आरंभीं ११-५७ लाच येते. आपली आंजेलसची घंटा बाराला होते, तेव्हां सूर्य बहुधा माथ्यावर आलेला नसतो!

यावरून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे. सूर्य आनसीस व नागपुरास एकच. पण त्याची वेळ कळण्यास येथील भूमीचा कोन शिकावा लागतो. श्रद्धेचेंही तसेंच आहे. ज्यांनीं ती आपणांकडे आणली, त्यांस येथील भाषा व माणसें शिकावीं लागलीं. आणि विवेकाच्या सुईसही विचलन असतें. ती वेळोवेळीं तपासून पाहावी. ज्युबिली ही त्या तपासणीची वेळ होय.