बागेखालची टाकी: मलबार हिलचं हँगिंग गार्डन

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि सुरुवात माझ्या आईपासून.

मी नांदुऱ्याचा. बीटेक झालं, मुंबईत सॉफ्टवेअरची नोकरी लागली. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनला नेलं. झुडपं कापून केलेले प्राणी पाहून झाले, बाकावर बसलो. मी म्हटलं, "आई, आपल्या पायाखाली पाण्याची टाकी आहे." ती चटकन उठलीच. "काय सांगतं रे बाबू!"

पण खरंच आहे. मुंबईला नळाचं पाणी आलं ते 1860 मध्ये, विहार तलावातून. मग 1879 च्या सुमारास तुळशी तलाव झाला. पाणी आलं, पण ते घराघरांत जोरात पोचवायचं कसं? सपाट गावात आपण खांबांवर टाकी बांधतो. मुंबईकडे आयती टेकडी होती. 1880 च्या दशकात टेकडीवर जलाशय बांधला, म्हणजे पाणी उतारानंच खाली शहरात जाणार. वर छत, छतावर माती, मातीवर बाग. पुढे तिला फिरोजशहा मेहतांचं नाव मिळालं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरचं जोसेफ बाप्टिस्टा उद्यानही असंच जलाशयावर आहे.

ही टाकी आजही दक्षिण मुंबईला पाणी देते. साठा जवळपास 14.7 कोटी लिटर. 2023 मध्ये ती पाडून नवी बांधायचा पालिकेचा बेत होता, त्यात 389 झाडांवर गदा येणार होती. लोकांनी विरोध केला: आधी आतून तपासा तरी! आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आणि स्थानिक तज्ज्ञ आत उतरले. टाकी पाडायची गरज नाही, दुरुस्तीवर भागेल, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

मला हे फार आवडलं. आमच्या ऑफिसातही जुना कोड दिसला की सगळ्यांना तो नव्यानं लिहायचा असतो. उघडून वाचत कुणीच नाही.

आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्टा. बोअर मारली तरी पाणी खारट. त्यामुळे आईनं परत जाताना फुलांचा विषयच काढला नाही. एवढंच म्हणाली, "पान्यावर झाकण ठेवलं, अन् झाकणावर बाग लावली. हुशार होते बाप्पा."

तुमच्या गावची टाकी कधी बांधली, माहितीये? घरात विचारा, आणि मला सांगा. भेटू पुढच्या भागात!